सूत्रकृमीच्या अन्नशोधातील निर्णय कसे मोजावेत आणि त्यामागील रसायन कसे ओळखावे

अन्न शोधणाऱ्या प्रत्येक प्राण्यापुढे एकच प्रश्न वारंवार उभा राहतो: आहे तिथेच खात राहावे, की ही जागा सोडून पुढे जावे? एरिक चार्नोव्ह यांनी 1976 मध्ये या प्रश्नाचे गणित मांडले. त्यांच्या मांडणीनुसार चालू जागेतून मिळणारे अन्न घटत घटत संपूर्ण परिसराच्या सरासरीवर आले, की प्राण्याने तिथून निघावे. मात्र ज्याच्या सगळ्या शरीरात मिळून अवघ्या 302 चेतापेशी आहेत, असा सूत्रकृमीसारखा प्राणी हा हिशेब कसा करतो, हे त्या गणितातून कळत नाही. त्यासाठी प्राण्याच्या मेंदूतील रसायनांकडे वळावे लागते. हा शोध साध्या सूक्ष्मदर्शकाखाली आणि अगारच्या बशीवर घेता येतो, ही त्यातली मोठी सोय आहे. जीवशास्त्राची बेताची प्रयोगशाळा ज्यांच्या हाताशी आहे, अशा विद्यार्थ्यांसाठी आणि शिक्षकांसाठी ही पद्धत पुढे सविस्तर दिली आहे.

सुरुवातीलाच एक पथ्य सांगणे आवश्यक आहे. सेरोटोनिन आणि डोपामिन ही चेतापेशींनी संदेश देण्यासाठी सोडलेली रसायने आहेत. सेरोटोनिन म्हणजे समाधान, डोपामिन म्हणजे बक्षीस, अशी समीकरणे मनात ठेवून सूक्ष्मदर्शकाजवळ बसू नये. साध्या प्राण्यांत ही रसायने आज्ञा देत नाहीत. एखादी वागणूक किती सहज सुरू व्हावी आणि सुरू झाल्यावर किती वेळ टिकावी, हे ती ठरवतात. म्हणून प्राणी किती वेळ उपाशी होता आणि तो आत्ता कुठून आला, याची नोंद रसायनाच्या नोंदीइतकीच महत्त्वाची असते. किंबहुना ती आधी करावी.

प्राणी आणि बश्या

या कामासाठी सीनोरॅब्डायटिस एलेगन्स हा सूत्रकृमी सर्वांत सोयीचा आहे. सिडनी ब्रेनर यांनी 1974 मध्ये त्याच्या आनुवंशिकीवरील पायाभूत अभ्यास प्रसिद्ध केला आणि 1986 मध्ये त्याच्या चेतासंस्थेतील जोडण्यांचा नकाशाही पूर्ण झाला. पूर्ण वाढलेला उभयलिंगी कृमी सुमारे 1 मिलिमीटर लांब आणि पारदर्शक असतो. 20 अंश सेल्सिअसला त्याचे जीवनचक्र तीन ते साडेतीन दिवसांत पुरे होते. तुलनेसाठी एन2 हा नेहमीचा वाण ठेवावा. त्याच्या जोडीला दोन उत्परिवर्तित वाण मिळवावेत: कॅट-2 या जनुकात बिघाड असलेला, ज्याला डोपामिन नीट तयार करता येत नाही, आणि टीपीएच-1 या जनुकात बिघाड असलेला, ज्याला सेरोटोनिन तयार करता येत नाही. हे वाण मिनेसोटा विद्यापीठातील सूत्रकृमींच्या जनुकीय संग्रहातून संशोधन व अध्यापनासाठी मागवता येतात.

कृमी ज्या माध्यमावर वाढवतात, त्याच्या एका लिटरमध्ये 3 ग्रॅम मीठ, 2.5 ग्रॅम पेप्टोन आणि 17 ग्रॅम अगार असते. ते निर्जंतुक करून थोडे निवल्यावर त्यात कॅल्शियम क्लोराइड, मॅग्नेशियम सल्फेट, 6.0 सामूचे फॉस्फेट द्रावण आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेले थोडे कोलेस्टेरॉल मिसळावे. अन्न म्हणून ई. कोलाय या जीवाणूचा ओपी50 हा वाण वापरतात. बशीवर टाकलेला जीवाणूंचा थेंब वाळून त्याचा पातळ थर तयार झाला, की अन्नाचा एक तुकडा मांडून झाला.

हा थर प्रत्येक बशीवर सारख्याच वयाचा असला पाहिजे. काल टाकलेला थर पातळ असतो, तर तीन दिवसांपूर्वीचा जाड आणि कडेला उंच. कृमीला या दोन थरांची चव, पोत आणि तिथला प्राणवायू वेगवेगळा जाणवतो. प्रयोग फसण्याची जी कारणे असतात, त्यांत रसायनांच्या चुकीपेक्षा थरांच्या या असमानतेचा वाटा बहुधा मोठा असतो.

पहिली चाचणी: अन्नावर पोहोचल्यावर मंदावणे

ही चाचणी सर्वांत सोपी आहे आणि शिकवतेही सर्वांत जास्त. 2000 मध्ये सॉविन, रंगनाथन आणि हॉर्विट्झ यांनी तिच्या आधारे डोपामिन आणि सेरोटोनिन यांची कामे वेगळी करून दाखवली होती.

एकाच वयाचे तरुण प्रौढ कृमी घ्यावेत. त्यांना आधी जीवाणूरहित बशीवर किंवा मीठद्रावणाच्या थेंबात थोडे फिरू द्यावे, म्हणजे अंगाला चिकटलेले जीवाणू निघून जातील. त्यानंतर त्यांचे दोन गट करावेत. पहिला गट लगेच चाचणीच्या बशीवर ठेवावा. दुसरा गट 30 मिनिटे रिकाम्या अगारवर उपाशी ठेवून मग चाचणीला घ्यावा. दोन्ही गटांतील निम्मे कृमी जीवाणूंच्या थरावर आणि निम्मे रिकाम्या बशीवर सोडावेत. पाच मिनिटे थांबून, प्रत्येक कृमी 20 सेकंदांत शरीराची किती वळणे घेतो, ते मोजावे. वळण कशाला म्हणायचे हे आधीच ठरवून घ्यावे. घशाच्या मागच्या फुगवट्यालगतचा भाग एका बाजूच्या टोकाला पोहोचला की एक, असा नियम केला तर मोजणाऱ्याची नजर भरकटत नाही.

मोजणी सुरू करण्यापूर्वी एखादा उपाशी कृमी थराच्या कडेला पोहोचतानाचा क्षण सावकाश पाहावा. आधी फक्त डोके थरात शिरते आणि आजूबाजूला चाचपू लागते. मागचे शरीर अजून जुन्याच वेगाने पुढे ढकलत असते. मग पुढच्या भागापासून मागच्या भागापर्यंत वेग ओसरत जातो आणि थोड्याच वेळात कृमी जवळजवळ जागेवर थांबतो. भिंग वाढवले की घशाच्या मागच्या फुगवट्यातील दळण्याचा अवयव मिनिटाला 200 वेळा किंवा त्याहूनही अधिक हलताना दिसतो. थांबलेला कृमी विसावलेला नसतो, तो जेवत असतो. नवख्या निरीक्षकाची इथे हमखास गफलत होते.

एन2 वाणाचा निकाल असा यायला हवा: पोट भरलेला कृमी थरावर थोडा मंदावतो आणि उपाशी कृमी खूपच मंदावतो. हे दोन परिणाम एकाच परिणामाची कमी-अधिक रूपे आहेत, असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात त्यांच्यामागची रसायने वेगळी आहेत. कॅट-2 वाणात पोट भरलेल्या कृमीचे हलके मंदावणे जवळजवळ नाहीसे होते, परंतु उपाशी कृमीचे ठळक मंदावणे टिकून राहते. सेरोटोनिन नसलेल्या वाणात नेमके हे ठळक मंदावणेच उणावते. म्हणजे हलके मंदावणे डोपामिनकडून येते, आणि उपासानंतरचे ठळक मंदावणे सेरोटोनिनकडून.

डोपामिन इथे नेमके काय कळवते, हे तपासण्याचा एक सुंदर मार्ग आहे. जीवाणूंऐवजी सेफाडेक्सचे बारीक मणी बशीवर पसरावेत. त्यांत खाण्याजोगे काही नसते, तरीही पोट भरलेला कृमी त्यांच्यावरून जाताना मंदावतो. उभयलिंगी कृमीत डोपामिन बनवणाऱ्या चेतापेशी फक्त आठ असतात आणि त्या स्पर्शाची नोंद घेतात. त्यामुळे या प्राण्यात डोपामिनचा पहिला अर्थ ‘त्वचेला अन्नासारखा पोत लागला’ इतकाच घ्यावा. सस्तन प्राण्यांच्या अभ्यासातून आलेली बक्षिसाची कल्पना इथे ओढूनताणून बसवू नये.

सेरोटोनिनच्या बाजूची खातरजमाही करता येते. सोडलेले सेरोटोनिन परत पेशीत ओढून घेणारे एक वाहक प्रथिन या कृमीत असते आणि ते मॉड-5 या जनुकापासून बनते. हे जनुक बिघडले, की सेरोटोनिन अधिक वेळ पेशींच्या सांध्यात रेंगाळते आणि उपाशी कृमी थरावर नेहमीपेक्षाही जास्त मंदावतो. फ्लुऑक्सेटिन हे औषध याच वाहकाला अडवते आणि त्याचा परिणामही त्याच दिशेने होतो. उणे केल्यावर परिणाम घटला आणि रेंगाळू दिल्यावर तो वाढला, असे दोन्ही बाजूंनी दिसले, म्हणजे अनुमानाला बळ येते.

दुसरी चाचणी: अन्न हरवल्यानंतरचा शोध

कृमीला थरावरून उचलून रिकाम्या बशीवर ठेवले, तर तो लगेच दूर निघून जात नाही. पहिली सुमारे 15 मिनिटे तो त्याच परिसरात घुटमळतो. वारंवार मागे सरकतो आणि डोके शेपटीला जवळजवळ टेकवून तीव्र वळण घेतो. या वळणात शरीराचा आकार ग्रीक ओमेगा अक्षरासारखा होत असल्याने त्याला ओमेगा वळण म्हणतात. पुढे ही वळणे विरळ होत जातात आणि कृमी लांबलांब सरळ धावा घेऊ लागतो. अन्न आत्ताच इथे होते, तर ते जवळपासच असेल. बराच वेळ सापडले नाही, तर दूर शोधलेले बरे. हा सगळा तर्क वळणांच्या संख्येत उतरलेला असतो.

मोजणीसाठी प्रत्येक कृमीची मागे सरकण्याची आणि ओमेगा वळणांची संख्या दर मिनिटाला लिहावी. पहिली 12 मिनिटे आणि नंतर 35 ते 40 या मिनिटांचा टप्पा, अशी तुलना पुरते. मधला वेळ सोडून दिला तरी चालते. कृमी उचलताना थराचा लपका पिकच्या (कृमी उचलण्याच्या बारीक तारेच्या) टोकाला लागून नव्या बशीवर गेला, तर ती नोंद रद्द करावी. तो इवलासा ठिपकाही कृमीच्या दृष्टीने अन्न हरवले नसल्याची खूण ठरतो.

हिल्स, ब्रॉकी आणि मॅरिक यांनी 2004 मध्ये दाखवले, की या जवळच्या शोधासाठी डोपामिन आणि ग्लुटामेट हे आणखी एक संदेशवाहक रसायन, दोन्ही लागतात आणि डोपामिनच्या पेशी नष्ट केल्यास हा शोध उरत नाही. म्हणजे पहिल्या चाचणीत अन्नावर वेग कमी करणारे रसायन इथे अन्न गेल्यावर वळणे वाढवते. दोन परिणाम वरवर विसंगत वाटले, तरी दोन्हींची परिणती एकच आहे: अन्नाच्या आसपास राहणे. ग्लुटामेटची भूमिकाही बऱ्यापैकी उलगडली आहे. वास टिपणारी एक चेतापेशी अन्नाचा वास गेल्यावर सक्रिय होते. ती ग्लुटामेट सोडून वळणे घडवणाऱ्या पेशीला चेतवते आणि सरळ धाव टिकवणाऱ्या पेशीला त्याच रसायनाने दाबते. एकच रसायन दोन पेशींवर उलट परिणाम करते, कारण त्यांच्यावरील ग्राही प्रथिने, म्हणजे रसायनाचा संदेश पकडणारी प्रथिने, वेगळी असतात. रसायनाचे नाव कळले म्हणजे परिणाम कळला, असे मानता येत नाही, ते याचसाठी.

तिसरी चाचणी: रात्रभराचे भटकणे

विपुल अन्नावरही कृमी सतत एकसारखा वागत नाही. बराच काळ तो एका जागी ठाण मांडून खातो, आणि मधूनच काही मिनिटे वेगाने भटकतो. या दोन अवस्थांचे मोजमाप कॅमेऱ्याशिवायही करता येते. 35 मिलिमीटर व्यासाच्या बशीवर जीवाणूंचा थर कडेपर्यंत एकसारखा पसरावा. तिच्यावर प्रौढ होण्याच्या आधीच्या अवस्थेतील एकच कृमी सोडावा आणि सुमारे 16 तास ठेवावा. नंतर 3.5 मिलिमीटरच्या चौकटी आखलेला पारदर्शक कागद बशीखाली धरून, किती चौकटींत कृमीच्या वाटेचे ठसे आहेत ते मोजावे. जीवाणूंच्या थरावर कृमीची नागमोडी वाट स्पष्ट उमटलेली असते, फक्त प्रकाश तिरपा पाडावा लागतो.

सेरोटोनिन नसलेला वाण अधिक चौकटी ओलांडतो. पीडीएफ या चेतापेप्टाइडचे (चेतापेशींनी संदेशासाठी सोडलेल्या छोट्या प्रथिनतुकड्याचे) ग्राही नसलेला वाण कमी चौकटी ओलांडतो. फ्लॅव्हेल आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दाखवले, की घशातील एका चेतापेशींच्या जोडीतून येणारे सेरोटोनिन ठाण मांडण्याची अवस्था लांबवते, तर पीडीएफ भटकण्याची अवस्था लांबवते. या घशातील पेशी आत येणारे अन्न स्वतःच ओळखतात, हे नंतरच्या कामातून पुढे आले. पहिल्या चाचणीत 20 सेकंदांच्या वेगात दिसलेले रसायन इथे तासांच्या हिशेबात दिसते. दोन्ही मोजमापे केल्याशिवाय सेरोटोनिनबद्दल ठाम विधान करू नये, असे माझे मत आहे.

रसायन बाहेरून देताना

अन्न नसलेल्या अगारमध्ये सेरोटोनिन मिसळून त्यावर कृमी ठेवावा आणि शांतपणे पाहावे. तो हालचाल जवळपास थांबवतो, घसा मात्र जोरात चालू होतो, आणि तो अंडीही घालू लागतो. समोर काही नसताना तो जेवणाची सगळी लक्षणे दाखवतो. हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी हा परिणाम 1982 मध्ये नोंदवला. ऑक्टोपामिन हे दुसरे संदेशवाहक रसायन दिल्यास घशाचे चालणे आणि अंडी घालणे दोन्ही दबतात. ऑक्टोपामिन हा कृमीत अन्न नसल्याचा संकेत आहे, या समजुतीशी हे जुळते. उपासात हा संकेत सक्रिय होतो आणि अन्नाशी निगडित असलेले डोपामिन त्याला आवर घालते, असेही दाखवले गेले आहे.

इथे मात्रेचा विचार महत्त्वाचा आहे. कृमीच्या त्वचेचे आवरण रसायनांना सहज आत शिरू देत नाही, म्हणून बशीत मिलिमोलर पातळीची मात्रा द्यावी लागते. शरीरात त्यातील किती पोहोचते, हे बशीवरून सांगता येत नाही. शिवाय ती सर्व पेशींवर एकाच वेळी पोहोचते, तर प्राणी स्वतः ती मोजक्या ठिकाणी आणि मोजक्या क्षणी सोडतो. त्यामुळे बाहेरून दिलेल्या रसायनाचा निकाल पुरावा म्हणून एकटा उभा राहू शकत नाही. ज्या वाणात ते रसायन बनत नाही, त्याला ते दिल्यावर हरवलेली वागणूक परत येते का, हे पाहणे अधिक विश्वासार्ह असते. कॅट-2 वाणाला डोपामिन दिल्यावर त्याचे मंदावणे परत येते. डोपामिनच्या बश्या ऐन वेळी तयार कराव्यात आणि अंधारात ठेवाव्यात. तपकिरी झालेली बशी म्हणजे ऑक्सिडीकरण झालेले डोपामिन. ती फेकून द्यावी.

कुठे फसायला होते

सर्वांत मोठा धोका म्हणजे मुळातच मंद असलेला वाण अन्नामुळे मंदावला असे समजणे. यावर उपाय म्हणजे प्रत्येक वाणाचा रिकाम्या बशीवरील वेग त्याच दिवशी मोजणे आणि निकाल त्याच्या तुलनेत मांडणे. वेगवेगळ्या दिवशीचे गट एकमेकांशी भिडवू नयेत, कारण खोलीचे तापमान आणि बशीची ओल यांचा परिणाम बऱ्याचदा जनुकाच्या परिणामाएवढा असतो. बशीवर कोणता वाण आहे हे मोजणाऱ्याला माहीत नसावे. दुसऱ्या कोणाकडून बश्यांवर सांकेतिक क्रमांक घालून घेतले, तरी काम भागते.

वाणाच्या इतिहासाकडेही लक्ष द्यावे. एन2 हा वाण प्रयोगशाळेत फार वर्षे वाढलेला आहे. त्याच्या एनपीआर-1 या जनुकाचे रूप निसर्गातील बहुतेक वाणांपेक्षा वेगळे असल्याने तो एकटा फिरतो, तर हवाई बेटांवरून आलेला सीबी4856 हा वाण थराच्या कडेला घोळके करतो आणि अन्न अधिक वेळा सोडून जातो. 2011 मध्ये बेंडेस्की आणि सहकाऱ्यांनी अन्न सोडण्यातील नैसर्गिक फरकाचा एक भाग टायरा-3 या जनुकापर्यंत नेऊन पोहोचवला. या जनुकाचे प्रथिन टायरामिन (ऑक्टोपामिनच्याच जातकुळीचे रसायन) आणि ऑक्टोपामिन यांचे ग्राही आहे. दोन नैसर्गिक वाणांची तुलना करताना फरक कशामुळे आला हे एका चाचणीवरून ठरवणे कठीण असते. नवशिक्यांनी त्या वाटेला न जाता एन2 आणि त्याच्याच पार्श्वभूमीवरील उत्परिवर्ती यांच्यापुरतेच थांबावे.

दुसऱ्या प्राण्याकडे जाताना

फळमाशीच्या अळीवरही असाच प्रयोग करता येतो. यीस्टच्या थरावर ती पाच मिनिटांत किती लांब वाट काढते, एवढेच मोजायचे. मार्ला सोकोलोव्स्की यांनी 1980 च्या सुमारास लांब वाट काढणाऱ्या आणि जागीच खाणाऱ्या अळ्यांचे असे दोन प्रकार वेगळे केले. त्यामागील जनुक एक किनेझ प्रथिन (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडून त्यांचे काम बदलणारे) बनवते, हे 1997 मध्ये स्पष्ट झाले. त्याच प्रथिनाचे सूत्रकृमीतील भावंड ईजीएल-4 हेदेखील भटकणे आणि ठाण मांडणे यांचे प्रमाण ठरवते, हा योगायोग वाटण्यापलीकडचा आहे.

तरीही प्रत्येक रसायन सर्व प्राण्यांत एकच अर्थ घेऊन येते, असे गृहीत धरू नये. वैद्यकीय जळवेत सेरोटोनिन भुकेल्या प्राण्याला भक्ष्याकडे पोहायला आणि चावायला उद्युक्त करते, तर सूत्रकृमीत ते अन्न मिळाल्यावर थांबायला लावते. म्हणून नव्या प्राण्यावर काम सुरू करताना आधी भरपेट आणि उपाशी, थरावर आणि थराबाहेर अशा चारही जोड्यांचा पाया मोजून घ्यावा. त्यानंतरच रसायन द्यावे, आणि तेही किमान तीन मात्रांत. मधल्या मात्रेला परिणाम दिसून सर्वांत मोठ्या मात्रेला प्राणी नुसताच लुळा पडत असेल, तर त्या मोठ्या मात्रेची आकडेवारी निर्णयाच्या हिशेबात धरू नये.